दांड्याची रवी आणि मुठीचं आइस्क्रीम

अमेरिकेतल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत तिसरी-चौथीच्या सुमाराला ‘पायोनियर’ हा विषय येतो. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडची गावं सोडून बैलांच्या वॅगनमधून पश्चिमेला गेलेली कुटुंबं, त्यांची रोजची कामं आणि त्या काळात घरात शिरलेली पहिली यंत्रं असा त्याचा आवाका. तिकडच्या मराठी पालकांचे आणि इकडच्या शिक्षकांचे यावरचे प्रश्न साठले होते, ते या अंकात एकत्र घेतले आहेत.

मुलीच्या वर्गात ‘पायोनियर डे’ आहे. बावीस मुलांना वीस मिनिटांत लोणी काढून दाखवायचं काम माझ्याकडे आलंय. सासूबाईंनी दिलेली लाकडी रवी नेली तर चालेल का? घरी बरणीत क्रीम हलवून पाहिलं, तर अर्ध्या तासानंतरही नुसता फेस. – एक आई, ओहायो

रवी जरूर न्या, पण दाखवायला. लोणी काढायला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्याच बऱ्या, कारण त्यात सगळ्यांचे हात लागतात.

तुमचा फेस झाला तो बहुतेक क्रीम फ्रिजमधून काढून लगेच हलवल्यामुळे. चार अंशाला स्निग्धाचे कण इतके कडक असतात की एकमेकांना चिकटतच नाहीत. क्रीम १५-१६ अंशांवर हवं, म्हणजे तासभर आधी बाहेर काढून ठेवा. वीसच्या वर गेलं तर उलटी अडचण, दाणा न धरता तेलकट गोळा होतो. दुसरं कारण म्हणजे भरलेली बरणी. निम्म्याच्या वर क्रीम घातलं की आपटायला जागा उरत नाही. तिसरं कारण पुड्यावर छापलेलं असतं: घट्टपणासाठी कॅराजीनन वगैरे घातलेलं, अतिउष्ण तापमानाला तापवलेलं क्रीम फुटायला फार वेळ घेतं. साधं ‘हेवी व्हिपिंग क्रीम’ घ्या, त्यात ३६ टक्के किंवा जास्त स्निग्धांश असतो.

बावीस मुलांना अर्धा लिटरच्या पाच बरण्या आणि प्रत्येकीत एक कप क्रीम पुरे. प्रत्येक मुलाने तीस झटके द्यायचे आणि बरणी पुढे सरकवायची. मुलांना बरणीकडे बघायला सांगण्यापेक्षा ऐकायला सांगा. आधी डचमळ ऐकू येते. पाचेक मिनिटांत आवाज बंद होतो, क्रीम काचेला चिकटून बसतं आणि मुलं ‘झालं’ म्हणून थांबतात. इथेच थांबू देऊ नका. आणखी चार-पाच मिनिटांनी अचानक थबक-थबक सुरू होतं, काच स्वच्छ होते आणि आत पातळ पाण्यात पिवळट गोळा फिरताना दिसतो. एका कपाचं साधारण शंभर ग्रॅम लोणी निघतं. पाणी ओतून टाका, थंड पाण्याने दोन-तीनदा धुवा, लाकडी चमच्याने दाबून पाणी काढा आणि चिमूटभर मीठ घाला. धुणं टाळू नका, उरलेल्या दुधाळ पाण्यानेच लोणी लवकर खवट होतं. पायोनियर घरांत मीठ चवीसाठी कमी आणि टिकण्यासाठी जास्त घालत. हिवाळ्यात लोणी पांढरं निघायचं, म्हणून किसलेल्या गाजराचा रस घालून त्याला पिवळेपणा आणत.

आता रवी. त्यांचं भांडं उंच आणि अरुंद, लाकडी किंवा मातीचं. झाकणाला भोक, भोकातून दांडा, दांड्याच्या टोकाला लाकडी फुली आणि घुसळणं वर-खाली. आपली रवी घुसळखांबाला अडकवून दोरीने उलटसुलट फिरते. दोन्हीत काम एकच, स्निग्धाच्या थेंबांवरचं पातळ आवरण फोडायचं. फरक मालात आहे. आपण विरजण लावून घुसळतो, म्हणून खाली आंबट ताक उरतं. दुकानातल्या ताज्या क्रीमखाली उरतं ते गोडसर असतं, त्याची कढी होणार नाही. दुधाची ॲलर्जी कोणाला आहे का, हे मात्र शिक्षिकेला आधी विचारून घ्या.

इंग्रजीच्या पूरक वाचनात वॅगनने पश्चिमेला जाणाऱ्या कुटुंबाचा धडा आहे. आमच्या मुलांना ती सहलीची गाडी वाटते. खर्च न करता काय करता येईल? – शिक्षिका, सांगली जिल्हा

वर्गाच्या फरशीवर खडूने चार फूट रुंद आणि दहा फूट लांब चौकोन आखा. वॅगनचं लाकडी खोकं साधारण एवढंच असे. मग फळ्यावर १८४५च्या एका प्रवासी मार्गदर्शिकेत दिलेला माणशी शिधा किलोत लिहा: पीठ ९०, खारवलेलं डुकराचं मांस ६८, साखर ९, कॉफी साडेचार, मीठ साडेचार. बेरीज मुलांनाच करू द्या, १७६ येते. चार मोठ्या माणसांचे ७०४ किलो. गाडीत टनभराच्या आसपास भरत, म्हणजे अंथरूण-पांघरूण, नांगराचा फाळ, बियाणं, सुटा आस, पाण्याचं पिंप आणि आजीची पेटी या सगळ्यांना तीनशे किलो उरले. आता प्रत्येक गटाने काय टाकायचं ते ठरवावं. त्या वाटेवर लोखंडी चुली आणि कपाटं खरोखरच टाकून दिलेली असत.

गाडीत बसायला जागाच नाही, हे मुलांना त्या चौकोनावरून आपोआप कळतं. गाडीला स्प्रिंग नसत, म्हणून बसण्यापेक्षा चालणं सुखाचं. मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ऑरेगॉनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर बहुतेक जण पायी गेले. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, चार ते सहा महिने. निघायचं एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात. आधी निघाल्यास बैलांना गवत नाही, उशीर केला तर डोंगरात बर्फ. घोड्यापेक्षा बैल मंद, पण स्वस्त आणि नुसत्या गवतावर भागणारा. हे मुद्दे सांगलीच्या मुलांना ओहायोच्या मुलांपेक्षा लवकर पटतील. जळणाचंही तसंच. झाड नसलेल्या मैदानात मुलं गव्यासारख्या बायसनचं वाळलेलं शेण गोळा करत. थापलेल्या गवऱ्या नव्हेत, रानशेणी म्हणा.

मुलं मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांबद्दल विचारतीलच. त्या वाटेवर सर्वांत जास्त माणसं कॉलऱ्याने मेली. एकाच पाणवठ्यावर हजारो माणसं आणि जनावरं, असा तो सरळ हिशेब होता.

शनिवारच्या मराठी शाळेत बुडवून मेणबत्त्या केल्या. काहींच्या गाठीगाठीच्या झाल्या, काही जाडच होईनात, आणि दोन-तीन पेटवल्यावर तडतडल्या. – स्वयंसेवक, न्यू जर्सी

तीन तक्रारी, तीन कारणं. गाठी येतात मेण गार पडल्यावर. जाड होत नाहीत मेण फार तापल्यावर, कारण प्रत्येक बुडीत नवा थर बसण्याऐवजी जुनाच वितळून डब्यात परत जातो. तडतड होते थरांत पाणी अडकल्याने. बहुधा गार करायला तुम्ही पाण्यात बुडवून न पुसता परत मेणात घातल्या असतील.

साधं पॅराफिन मेण ५८ अंशांच्या आसपास वितळणारं असेल तर डब्यातलं तापमान ६८ ते ७२ ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतोच, अंदाजाने जमत नाही. उंच, अरुंद पत्र्याचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात उभा करा. मेणाचा डबा थेट आचेवर कधीही नको, मेणाच्या वाफा पेट घेतात. दहा मुलांना दीड किलो मेण घ्या. वापरलं जाईल जेमतेम तीनशे ग्रॅम, पण डबा शेवटपर्यंत भरलेला असावा लागतो, नाहीतर मेणबत्त्या खाली जाड आणि वर काटकुळ्या होतात.

वात वेणी घातलेल्या सुताची घ्या आणि खालच्या टोकाला लहान नट बांधा म्हणजे ती तरंगणार नाही. पहिली बुडी मिनिटभराची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग वात ओढून सरळ करा, कारण इथे वाकडी राहिली ती कायमची वाकडी. पुढच्या बुड्या दोन-तीन सेकंदांच्या. प्रत्येकीनंतर दीड-दोन मिनिटं हवेत. वीस-पंचवीस बुड्यांत बोटाएवढी जाडी येते. मुलांना टेबलाभोवती रांगेत फिरवलं की हा थांबण्याचा वेळ आपोआप निघतो. एसीच्या झोताखाली उभं करू नका, थर सुटे पडतात.

वस्तीवरच्या घरांत मेण क्वचित, चरबीच जास्त. शरद ऋतूत जनावरं कापली की वर्षभराच्या मेणबत्त्या एका दमात होत. त्या मऊ असत, वास मारत आणि उंदीर खात, म्हणून झाकणाच्या पेटीत ठेवत. १८५९ साली पेनसिल्वेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेक यांच्या विहिरीत खनिज तेल लागलं आणि त्यानंतर रॉकेलचे दिवे स्वस्त झाले. वर्गात एक मेणबत्ती आणि एक कंदील शेजारी ठेवून दोन्हींपाशी एकच पान वाचायला लावा, त्याहून जास्त सांगावं लागत नाही.

राखेपासून साबण करून दाखवायचा आहे. मुलांसोबत करावा का? – पालक, मिशिगन

नाही. लाकडाच्या राखेवर पावसाचं पाणी झिरपवून तीव्र क्षारपाणी काढत, ते चरबीबरोबर तासन्‌तास उकळत, आणि राखेत पोटॅशियम असल्यामुळे वडीऐवजी खळीसारखा मऊ साबण होत असे. क्षारपाणी पुरेसं कडक झालं का, हे त्यात अंडं तरंगतं का यावरून बघत. ते पाणी कातडी आणि डोळा दोन्ही जाळतं.

त्याऐवजी क्षार दाखवा. एक कप चाळलेली लाकडाची राख (बार्बेक्यूच्या तयार कोळशाची नको) मोठ्या माणसाने हातमोजे घालून दोन कप गरम पाण्यात कालवावी आणि रात्रभर निवळू द्यावी. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. त्यावर निवळीचा एक थेंब टाकला की तांबडा डाग, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळे, हे तुमच्या मुलाने वर्गात सांगावं. आणि राखेने भांडी का निघत, हेही त्यातच आलं.

मे महिन्यात नातू अमेरिकेहून येतोय. माळ्यावर लाकडी बादलीचा, हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट आहे. गेल्या वर्षी तासभर फिरवूनही आंब्याचं मिश्रण लस्सीसारखंच राहिलं, वर थोडं खारटही लागलं. – आजोबा, नाशिक

आधी नातवाला सांगायची गोष्ट. मूठ फिरवून आइस्क्रीम करायच्या यंत्राचं पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली घेतलं. बाहेर बादली, आत पत्र्याचा डबा, डब्यात फिरणारं पातं, दोन्हींच्या मध्ये बर्फ आणि मीठ ही रचना तीच. म्हणजे तो शाळेत जे शिकतो ते तुमच्या माळ्यावर पडलं आहे.

खारटपणाचं कारण बहुतेक बादलीच्या कडेचं भोक. ते खारं पाणी वाहून जाण्यासाठी असतं. ते बुजलं की पाणी चढत जाऊन डब्याच्या झाकणातून आत शिरतं. तारेने मोकळं करा आणि झाकण उघडण्याआधी दरवेळी वरचा बर्फ-मीठ फडक्याने पुसून काढा.

न गोठण्याची कारणं दोन असावीत. एक म्हणजे साखर. साखर जितकी जास्त तितका गोठणबिंदू खाली, आणि हापूसचा रस मुळातच गोड. एक लिटर आटवलेलं दूध आणि अर्धा लिटर रस असेल तर दीडशे ग्रॅम साखर पुष्कळ झाली. दुसरं म्हणजे मीठ. सहा किलो बर्फाला एक ते सव्वा किलो खडे मीठ हवं. मीठ बर्फ वितळवतं आणि वितळायला लागणारी उष्णता बर्फ डब्यातून ओढून घेतो, म्हणून बर्फ-मिठाचं मिश्रण उणे दहा-बारापर्यंत उतरतं. भरपूर मीठ घातलं तर उणे एकवीसपर्यंतही जाईल, पण तेवढं नको. मग दूध डब्याच्या भिंतीला दगडासारखं धरतं आणि मधलं पातळच राहतं.

बादली आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवा. सुकलेल्या फळ्या फुगल्या की गळती थांबते. मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये, डबा दोन-तृतीयांशच भरायचा. बर्फ सुपारीएवढा फोडून थर द्या, चार बोटं बर्फ आणि मग मूठभर मीठ. पहिली पाच मिनिटं सावकाश, मग एकसारखं. पात्याचं काम भिंतीवरचा बर्फ खरवडून मधे आणणं, म्हणून मधेच ‘जरा दम खाऊ’ केलं की खडे धरतात. पंचवीस-तीस मिनिटांत मूठ जड होते. पातं काढून डबा पुन्हा बर्फ-मिठात दाबून तास-दीड तास ठेवला की कापता येईल असं होईल. डब्याची कल्हई उडून आत गंज दिसत असेल तर मात्र तो फक्त दाखवायला ठेवा.

आणि नातवाने बर्फ कुठून येत असे असं विचारलं तर: हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून करवतीने कापून, लाकडाच्या भुशात रचून तो उन्हाळ्यापर्यंत टिकवत. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने असाच १८० टन बर्फ १८३३ साली जहाजात घालून कोलकात्याला धाडला. चार महिन्यांनी शंभरेक टन शिल्लक होता! पुढे मुंबईतही त्यासाठी बर्फघर झालं.

शिलाई मशीन दोन दोऱ्यांनी कसं शिवतं, हे मुलाला समजावता येत नाही. – पालक, ठाणे

लोकरीने दाखवा. एका दाभणाला टोकाजवळ छिद्र हवं, मागे नको. सगळी युक्ती तिथेच आहे. इलियास हाऊ यांच्या १८४६च्या पेटंटमध्ये हीच सुई आहे, सिंगरच्या १८५१च्या मशीनमध्येही. फोमच्या पातळ तुकड्यातून लाल लोकर घेऊन दाभण खाली ढकला आणि किंचित वर घ्या. खाली लाल फासा सुटेल. त्या फाशातून पांढरी लोकर ओवा, तेच शटल किंवा बॉबिनचं काम. दाभण वर ओढा, दोन्ही दोरे फोमच्या मधोमध अडकले पाहिजेत. गाठ वर दिसली तर वरचा दोरा जास्त ताणलेला, खाली दिसली तर सैल. शिंपी ‘टेन्शन बिघडलंय’ म्हणतो ते हेच. दहा टाके मुलाकडून घालून घ्या.

पुरुषाचा शर्ट हाताने साधारण साडेचौदा तासांत आणि यंत्राने सव्वा तासात होतो, असा त्या काळातल्या एका कंपनीचा हिशेब होता. विकणाऱ्याचा आकडा आहे, तेवढं सोडून धरा. वाचलेला वेळ बायकांना मिळाला असं मात्र समजू नये, घरात कपड्यांची संख्याच वाढली.

माझा मुलगा ‘पायोनियर आणि इंडियन’ असा प्रकल्प घेऊन आला आणि विचारतो, यातले आपण कोण? – एक बाबा, टेक्सास

‘आपण नाही, कोलंबसची चूक’ हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर थोडं बसून द्यावं लागेल. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन, पाच वर्षं राहून कसली तर, किरकोळ शुल्कात मिळे. शाळेत ही जमीन ‘मोकळी’ म्हणून येते. ती मोकळी नव्हती. तिथे पॉनी, लाकोटा, शायेन अशी मूळ रहिवाशांची राष्ट्रं होती. त्याआधीच १८३०च्या कायद्याने पूर्वेकडच्या चेरोकींसारख्या लोकांना हाकलायला सुरुवात झाली होती. १८३८-३९च्या त्या सक्तीच्या वाटचालीत सुमारे चार हजार चेरोकी दगावले असं मानतात. मैदानांतले कोट्यवधी बायसन १८८०च्या दशकाअखेर एक हजाराच्याही आत आले आणि त्यांच्यावर जगणारे लोक त्याबरोबर हतबल झाले.

प्रकल्पात पिसांचे मुकुट नकोत. तुमच्या राज्याचा नकाशा काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी कोणते लोक कुठे राहत ते त्यांच्या नावांनिशी लिहा. वस्तूही तशाच मांडा. मक्याच्या सालांची बाहुली, मक्याची जाड भाकर, भोपळा हे सगळं वस्ती करणाऱ्यांनी त्यांच्याकडूनच उचललं.

‘आपल्याकडे पायोनियरांसारखं काही होतं का’ असंही मुलाने विचारलं, तर तुम्हाला एक चांगला दुवा आहे. अमेरिकेत ओतीव लोखंडाचा नांगर आला तेव्हा काही शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन विषारी होते. शंभरेक वर्षांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनीही तीच शंका काढली.

घरातली यंत्रं बायकांनी शोधली का? प्रकल्पाला नावं हवीत. – इयत्ता पाचवीतली वाचक, पुणे

काही शोधली. नॅन्सी जॉन्सन वर आल्याच. आयोवातल्या मेरी पॉट्स यांनी १८७१ साली सुट्या लाकडी मुठीच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं. दोन-तीन लोखंडी ठोकळे चुलीवर तापत ठेवायचे, एक गार झाला की तीच मूठ दुसऱ्याला अडकवायची आणि हात भाजत नाही. आपली कोळशाची इस्त्री वेगळी, तिच्या पोटातच निखारे असतात. दोन्हींचं चित्र शेजारी काढ.

इलिनॉयच्या शेल्बीव्हिलमधल्या जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. घरापेक्षा ते हॉटेलांनी जास्त घेतलं, कारण बहुतेक घरांत एवढं गरम पाणी नळाला नव्हतंच. त्यांनी ताटं मोजून, मापाचे तारेचे कप्पे केले होते, आणि खालून साबणाचं गरम पाणी उडे. तू जाड तार घे, घरची एक ताटली, एक वाटी आणि पेला मोजून तीन कप्पे वाकव, बादलीत ठेव आणि पंपाच्या बाटलीने पाणी मार. वाटी कुठल्या बाजूला कलती ठेवली की पाणी साचत नाही, ते तीन-चारदा करून बघ आणि तोच कोन वहीत लिही.